मोह आपला, परवाना कोणाचा?



आज वाईनच्या धोरणावर बोलायचं ठरवलं आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत मी हा विषय सांगितला तेव्हा आधी हशा पिकला, आणि मग एक आजी म्हणाल्या, "बाई, आता तूबी दारूचा प्रचार करून राहिली का?" त्यांचं विचारणं रास्त आहे. आपल्या गटांचा आणि दारूचा आजवरचा संबंध म्हणजे हातभट्टीची मडकी फोडणं, पोलीस ठाण्यात अर्ज देणं आणि आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा करणं. दारूनं काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. ते आपण घरात पाहिलं आहे.

तरीही हा विषय आपला आहे, कारण मोहफूल आपण वेचतो. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखांदूर, पवनी, जिथं जिथं जंगल गावाला टेकलं आहे तिथल्या बाया होळीनंतर पहाटे टोपली घेऊन निघतात. दारू पिणारे, गाळणारे आणि विकणारे बहुतेक पुरुष, फूल वेचणाऱ्या मात्र जास्त करून आपण. म्हणून मोहाबद्दलचा कोणताही कायदा बदलला की त्याचा पहिला परिणाम आपल्या टोपलीवर होतो. आणि गेल्या काही वर्षांत हे कायदे खरंच बदलले आहेत. आपल्यापर्यंत मात्र त्यातलं फार थोडं पोचलं.

आधी वाईन म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे सगळ्यालाच दारू म्हणतात. फळाचा किंवा फुलाचा गोड रस आंबवला की त्यातल्या साखरेचं मद्य होतं, ती वाईन. तिच्यात मद्याचं प्रमाण साधारण दहा-बारा टक्के. तेच आंबवलेलं द्रव्य भट्टीवर उकळून त्याची वाफ धरली की कडक दारू होते. आपल्याकडची मोहाची दारू या दुसऱ्या प्रकारची, गाळलेली. दोन्हीत नशा आहे. पण सरकारच्या पुस्तकात दोघींचे कर वेगळे, परवाने वेगळे, आणि लाड तर फारच वेगळे.

हा लाड कसा असतो ते पाहायला नाशिककडे जाऊ. 2001 साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाईन कारखान्यांना उत्पादन शुल्कात माफी मिळाली, परवाने सोपे झाले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे राहिले. पुढे वाईनवरच्या 20 टक्के विक्रीकरातले 16 टक्के कारखान्यांना परत देण्याची योजनाही आली. सगळ्यामागचं कारण एकच सांगितलं गेलं, की द्राक्ष शेतकऱ्याला भाव मिळेल. काही प्रमाणात मिळालाही. आज देशातली सर्वात जास्त वाईन महाराष्ट्रात होते आणि त्यात नाशिक पुढे आहे. सरकारनं मनावर घेतलं तर एका पिकाचा उद्योग उभा राहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच नाशिकची दुसरी गोष्टही ऐका. वाईनचं द्राक्ष आपण बाजारातून आणतो तसं नसतं. दाणा बारीक, साल जाड, आत बिया. ते कोणी खायला विकत घेत नाही, त्याचा बेदाणाही होत नाही. ते घेणारा एकच, वाईनचा कारखाना. 2008 च्या मंदीत वाईनचा खप घटला, कारखान्यांकडे माल पडून राहिला, काही कंपन्या डबघाईला आल्या. मग ज्यांनी कंपनीच्या भरवशावर कर्ज काढून वेल लावले होते त्यांचं द्राक्ष वेलावरच राहिलं, काहींचे पैसे अडकले, आणि कित्येकांनी वेल उपटून टाकले. धोरण शेतकऱ्याच्या नावानं आलं होतं, पण संकट आलं तेव्हा शेतकऱ्याच्या हातात ना परवाना होता, ना गोदाम, ना दुसरा गिऱ्हाईक.

आता आपल्या मोहाकडे या. ज्या काळात द्राक्षाला पार्क आणि सवलती मिळत होत्या त्या काळात मोहफूल वेचून घरात साठवणं हाच भानगडीचा विषय होता. याची मुळं इंग्रजांच्या राज्यात आहेत. 1892 साली त्यांनी मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी खास कायदा केला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. लोकांनी घरी दारू गाळली तर सरकारचा महसूल बुडतो, म्हणून फुलावरच बंधन. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलं नियंत्रणाखाली राहिली. आपला भंडारा तेव्हा मुंबई राज्यात नव्हताच. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. पुढे मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आलो आणि तो कायदाही आपल्याला लागू झाला. म्हणजे देवाला वाहायचं, आजारी माणसाला द्यायचं, गाईला चारायचं आणि दुष्काळात स्वतः खायचं फूल. पण पोतं भरून बाजारात नेलं तर कोणीही अडवून विचारावं, परवाना कुठं आहे? आणि ज्याच्याकडे परवाना होता तो व्यापारी सांगेल तो भाव.

2021 साली राज्य सरकारनं हे निर्बंध उठवले. मोहफूल गोळा करणं, जवळ ठेवणं, विकणं आणि वाहून नेणं मोकळं झालं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी हे नीट लक्षात घ्या. फूल मोकळं झालं आहे, भट्टी मोकळी झालेली नाही. घरी दारू गाळणं आजही गुन्हा आहे. माझा सल्ला असा की गटाचा माल गाडीत घालून नेताना ग्रामसंघाच्या ठरावाची प्रत आणि कोणाचा किती मोह आहे त्या वहीचं पान सोबत ठेवा. कायदा बदलतो त्या दिवशी नाक्यावरच्या माणसाचं मन बदलतंच असं नाही.

पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत मंत्रिमंडळानं ठरवलं की 100 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळं कपाट करून वाईन विकता येईल, परवान्याची फी वर्षाला 5,000 रुपये. फळांपासून, फुलांपासून, मधापासून वाईन करणाऱ्या शेतकऱ्यांना याचा फायदा होईल असं सांगण्यात आलं. वर्धा आणि गडचिरोलीसारखे दारूबंदीचे जिल्हे यातून वगळले होते. राज्यभर विरोध झाला, अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत होते, सरकारनं लोकांच्या सूचना आणि हरकती मागवल्या आणि निर्णय अमलात आला नाही. टीव्हीवर सगळी चर्चा याचीच झाली.

दुसरी गोष्ट एप्रिलमध्ये झाली आणि तिच्यावर फारसं कोणी बोललं नाही. काजूबोंडं, मोहफुलं यांच्यापासून केलेल्या मद्याला 'देशी' ऐवजी 'विदेशी मद्य' हा दर्जा द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं. आपल्या बांधावरचा मोह कागदावर विदेशी झाला! हसू येतं, पण त्यामागं हिशेब आहे. देशीच्या वर्गात बाटली स्वस्त विकावी लागते, विदेशीच्या वर्गात महाग विकता येते. बाटलीला जास्त पैसे मिळाले तर फुलालाही मिळतील, असा तर्क आहे. मिळतील का? बाटली आणि टोपली यांच्या मधे कोण उभं आहे, त्यावर ते ठरेल.

आपल्या शेजारी, बावनथडी ओलांडली की लागणाऱ्या मध्य प्रदेशानं वेगळी वाट धरली. तिथं 2021 मध्ये मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' मद्याचा दर्जा द्यायची घोषणा झाली आणि मग नियम केले. ते गाळण्याचा परवाना कंपनीला नाही, आदिवासी बचत गटाला. डिंडोरी जिल्ह्यातल्या गटाची बाटली 'मोहुलो' नावानं आणि अलिराजपूरच्या गटाची 'मोंड' नावानं बाजारात आली. हे ऐकून आपल्या काही बायांचे डोळे चमकतात, काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. मला दोन्ही समजतं. बायकांच्या नावावर परवाना असणं ही मोठी गोष्ट आहे. पण मद्याचा कारखाना म्हणजे यंत्रं, तपासणी, बाटल्या, लेबलं, कराचे कागद, मोठ्या शहरातली विक्री. हे सगळं झेपण्यासाठी कोणीतरी पैसेवाला 'मदतीला' येतो, आणि दोन वर्षांनी गट फक्त सहीपुरता उरतो. सहीपुरते गट आपण इतर योजनांतही पाहिले आहेत.

आणखी एक अडचण आपल्या जिल्ह्याची आहे. मोह फक्त गोंड बाया वेचत नाहीत. ढिवर, कुणबी, तेली, महार, सगळ्यांच्या घरी मोह वाळतो. परवाना फक्त आदिवासी गटांना दिला तर त्यामागचा न्याय मला मान्य आहे, कारण जंगलाशी सर्वात जुनं नातं आणि सर्वात जास्त गरिबी त्यांच्याकडे आहे. पण मग एकाच गटात बसणाऱ्या दोघींपैकी एक आत आणि एक बाहेर, याचं काय करायचं ते आधीच ठरवावं लागेल. पेसा कायद्याचा आधार अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना मिळतो, त्यात भंडारा जिल्हा नाही. 2006 चा वनहक्क कायदा मात्र इथंही आहे, आणि त्यात गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क आदिवासींना आहे तसा तीन पिढ्यांपासून जंगलावर जगणाऱ्या इतरांनाही आहे. ज्या गावांनी सामूहिक वनहक्काचा दावा अजून टाकला नाही, त्यांनी वाईनचं स्वप्न पाहण्याआधी तो दावा टाकावा.

मग मोहाची वाईन हवी की नको? मला विचाराल तर माझं म्हणणं असं आहे. द्राक्षवाल्याला एकच गिऱ्हाईक होता, मोहाचं तसं नाही. मोह वाळतो, वर्षभर टिकतो, खाता येतो, जनावराला घालता येतो. त्याच्या टोरीचं तेल निघतं. ही आपली ताकद आहे, आणि धोरणानं आधी तिला आधार द्यावा. आधी गोदाम आणि भाव, मग वाईन. उलट्या क्रमानं गेलो तर आपणही एका कारखान्याच्या दाराशी पोती घेऊन उभ्या राहू.

सध्या काय होतं? चैतात सगळ्यांचा मोह एकदम निघतो, घरात पैसा नसतो, व्यापारी दारात येतो. आपण विकून मोकळ्या होतो. आणि आषाढ-श्रावणात त्याच व्यापाऱ्याकडून तोच मोह चढ्या भावानं परत घेणारी घरं मला माहीत आहेत. केंद्र सरकारची वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना 2013-14 पासून आहे. छत्तीसगढमध्ये 2020 पासून मोहाला किलोमागं 30 रुपये ठरले आणि तिथं गटांनी खरेदीचं काम केलं. ठरलेला भाव कागदावर असून चालत नाही, मोजून घेणारं कोणीतरी गावात लागतं. ते मोजणं आपले ग्रामसंघ करू शकतात. तांदळाच्या खरेदीचा काटा आपण ओळखतो, मोहाच्या काट्याला काय वेगळं लागतं?

एक हिशेब मांडते, तो मनात धरा. समजा बारा जणींचा गट आहे आणि प्रत्येकीनं 50 किलो वाळला मोह दिला, तर झाले 600 किलो. किलोला 30 रुपये धरले तर माल 18,000 रुपयांचा. बायांना पैसा तेव्हाच लागतो, म्हणून गटानं बचतीतून किलोमागं 15 रुपये उचल द्यायची, म्हणजे 9,000 रुपये. माल गटाच्या खोलीत. पावसाळ्यात भाव 45 झाला तर वरचे 9,000 रुपये व्यापाऱ्याऐवजी आपले. भाव चढला नाही तरी 30 ला विकता येतं, फक्त चार महिने थांबावं लागतं. ही जोखीम बारा जणींना मान्य आहे का ते आधी बोलून घ्या आणि वहीत लिहा. एकटीनं हे करू नये.

साठवणूक मात्र काटेकोर हवी. मोह हवेतली ओल ओढून घेतो आणि काळा, चिकट होतो, मग त्याला फक्त भट्टीवाला विचारतो. मुठीत घेतल्यावर चिकटणार नाही इतका वाळवा, आत प्लास्टिकची पिशवी असलेल्या पोत्यात भरा, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा. आणि वेचताना झाडाखालचा पाचोळा पेटवू नका. वणवा लागतो आणि फुलाला राख, माती लागते. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी बांधली तर फूल स्वच्छ पडतं. स्वच्छ फुलाला खाण्याच्या मालाचा भाव येतो, मातीतल्या फुलाला दारूच्या मालाचा. 2021 मध्ये छत्तीसगढच्या कोरबाकडची वाळवलेली मोहफुलं फ्रान्सला गेली. वाईनसाठी जगभर नाव असलेल्या देशानं आपल्याकडचं वाळलं फूल मागवलं, ते कडक दारू म्हणून नाही.

लाडू, सरबत, लोणचं, मनुकांसारखे सुकवलेले मोह, हे आपले गट करतातच. पण प्रदर्शनात दोन दिवस विकून थांबू नका. अन्नसुरक्षेची नोंदणी छोट्या उत्पादकाला वर्षाला 100 रुपयांत मिळते. त्याशिवाय दुकानदार माल ठेवत नाही. वनधन केंद्राची योजनाही आहे, त्यात साधारण 15 गट मिळून 300 सभासदांचं केंद्र होतं. ती मुख्यतः आदिवासी सभासदांसाठी आहे, तेव्हा प्रभागसंघात कोणत्या गावांचे गट जोडता येतील ते पाहावं लागेल.

पहाटे जाण्याबद्दलही सांगायला हवं. अस्वलाला मोह आपल्याइतकाच आवडतो, आणि वाघ आता सगळ्याच जंगलात फिरतो. उजाडल्याशिवाय आणि एकटीनं जाऊ नका. सरकारला मोहाचा उद्योग हवा असेल तर वेचणारीचा विमा त्या धोरणात पहिल्या पानावर असला पाहिजे. नाशिकच्या मळ्यात कोणाला अस्वल भेटत नाही.

आता आडव्या बाटलीचं. 2008 च्या शासन आदेशानं आपल्याला हक्क दिला आहे. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज केला तर गुप्त मतदान होतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. आलेल्या मतांच्या निम्मं नाही, गावातल्या सगळ्या महिला मतदारांच्या निम्मं. म्हणून मजुरीला गेलेल्या बायांना त्या दिवशी थांबवावं लागतं. वाईनचं नवं धोरण येईल तेव्हा माझी मागणी अशी आहे की दुकानातलं वाईनचं कपाट असो की मोहाच्या मद्याचा छोटा कारखाना, दोन्ही या मतदानाखाली येतात हे स्पष्ट शब्दांत लिहावं. ज्या गावच्या बायांना मोहाचा कारखाना हवा, त्यांनी तो ठरावानं मागावा. ज्यांना नको, त्यांना नाही म्हणता यावं. चंद्रपूरची दारूबंदी 2015 मध्ये बायांच्या लढ्यानं आली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत उठली. हक्क लिहिलेला नसला की असं होतं.

सरकार पुन्हा कधी सूचना मागवेल तेव्हा मुंबई-पुण्याचे लोक संगणकावर आपलं म्हणणं पाठवतील. आपण कागदावर पाठवू. प्रत्येक ग्रामसंघानं येत्या बैठकीत एका पानावर इतकंच लिहावं: गावात किती घरं मोह वेचतात, यंदा चैतात काय भाव मिळाला, कोणाला विकला, पावसाळ्यात किती भावानं परत घेतला, आणि गावात परवान्याचं दुकान किंवा हातभट्टी आहे का. वाईन हवी की नको याबद्दल गटात दोन मतं असतील तर दोन्ही लिहा, एक करायचा आग्रह धरू नका. सचिवांची सही आणि तारीख विसरू नका. ही पानं प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत माझ्याकडे द्या. सगळ्या गावांची पानं जमली की त्यांचा तक्ता करून एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि एक राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात देऊ. द्यायला जाताना प्रत्येक गावातून एक बाई सोबत हवी, कोण येणार ते त्याच पानावर खाली लिहून पाठवा.